बिनपावतीचे पैसे

स्मरणिका समितीतल्या मुलांनी "काका, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा" असं सांगितलं तेव्हा मी जरा टाळाटाळच केली. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्ससाठी मारलेल्या खेपा, पहिला गणपती याबद्दल लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आपल्यात आहेत. पण मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतला शेवटून दुसरा विषय ऐकला आणि वाटलं, आपणही एक इतिहास लिहावा. विषय असा होता : नवीन राहायला येणाऱ्या भाडेकरूकडून 'शिफ्टिंग चार्ज' म्हणून एकरकमी १०,००० रुपये घ्यावेत. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, म्हणून विषय पुढच्या सभेवर गेला. त्या दिवशी मी बोललो नाही. मला बोलायचा अधिकार आहे का, हेच कळत नव्हतं. असं का वाटलं, ते लेखाच्या शेवटी सांगतो. आधी आमच्या अण्णांची गोष्ट.

गिरगावातली खोली

साल १९६१. मी अकरा वर्षांचा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते फोर्टमधल्या एका कंपनीत कारकून होते, पगार १८० रुपये. आम्ही सहा माणसं परळला आत्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत होतो. एक दिवस अण्णा संध्याकाळी हसत घरी आले. गिरगावात दहा बाय बाराची खोली मिळत होती, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. भाडं महिना ११ रुपये. आईचा विश्वासच बसेना. मग अण्णांनी दुसरा आकडा सांगितला. पागडी अडीच हजार. आणि दलालाचे वेगळे शंभर.

आईच्या पाटल्या गेल्या. ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज निघालं. उरलेले मामांनी दिले. पैसे पंचात बांधून, वर भाजीची पिशवी धरून अण्णा मालकाच्या पेढीवर गेले आणि मला बरोबर घेतलं. "पोर बरोबर असलं की कोणाची नजर जात नाही," असं ते आईला म्हणाले होते, ते मला आजही आठवतं. मेहताजींनी नोटा दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि अण्णांकडे बघून मान हलवली. बस, एवढंच. कागद नाही, सही नाही, साक्षीदार म्हणजे मी.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेहताजी चाळीत आले आणि अण्णांच्या नावाची भाडेपावती फाडून दिली. ११ रुपयांची. अण्णांनी ती देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. त्या डब्यात दोनच गोष्टी असायच्या, रेशनकार्ड आणि भाडेपावत्या. मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्या अडीच हजारांची पावती मिळाली नाही, ते पैसे अण्णांनी या ११ रुपयांच्या पावतीसाठीच मोजले होते. गिरगावात 'खोली घेतली' असं कोणी म्हणत नसे. 'पावती नावावर झाली' असं म्हणत.

पागडी हा शब्द

पागडी म्हणजे डोक्यावरची, मानाची. पैशाच्या व्यवहाराला हे नाव पडलं यात आपल्या समाजाची एक जुनी खोड दिसते. दारात घ्यायच्या पैशाला आपण मानाचं नाव देतो. पेशवाईत वतन वारसाच्या नावावर करायचं तर सरकारात नजराणा भरावा लागे. बंगालमध्ये जागा भाड्याने घेताना आधी द्यायच्या रकमेला सलामी म्हणतात. आपल्याकडे पागडी. एकाने मुजरा केला, दुसऱ्याने मान स्वीकारला, मग हिशोब कसला विचारायचा?

ही रक्कम मुंबईत इतकी का वाढली, हे मात्र मला नोकरीत कळलं. १९७१ साली मी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपण ज्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो तिथे, कारकून म्हणून लागलो आणि २००८ साली तिथूनच निवृत्त झालो. मुंबईतले भाडेकरू आणि मालक यांचे खटले याच कोर्टात चालतात. सदतीस वर्षं मी याच कागदांवर शिक्के मारले. मी वकील नाही, पण कलमं कानावर पडून पडून पाठ झाली.

कायदा काय म्हणत होता

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरभाडी भडकली, म्हणून १९१८ साली युद्धकाळापुरता भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९१५ मध्ये, ग्लासगो शहरातल्या बायकांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारून मोठा संप केला होता आणि त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश पार्लमेंटने भाडी गोठवणारा कायदा केला होता. त्या कायद्यात एक वाक्प्रयोग होता. घर भाड्याने देताना भाड्याव्यतिरिक्त 'फाइन, प्रीमियम किंवा तत्सम रक्कम' मागायची नाही. फाइन म्हणजे इथे दंड नव्हे. जागेचा करार करताना आधी द्यायच्या एकरकमी पैशाचं ते जुनं इंग्रजी नाव.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत पुन्हा नियंत्रण आलं. पुढे १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती तेच भाडं 'प्रमाण भाडं' धरलं गेलं. आणि कलम १८ मध्ये तोच ग्लासगोच्या वेळचा वाक्प्रयोग पुन्हा आला. मालकाने प्रमाण भाड्याखेरीज फाइन, प्रीमियम किंवा तत्सम रक्कम घेतली तर तो गुन्हा. शिक्षा कैदेची, आणि शिवाय घेतलेल्या रकमेपेक्षा कमी नाही इतका दंड. कलम १९ भाडेकरूसाठी होतं. जागा सोडताना भाडेकरूने पैसे मागितले तर तोही गुन्हेगार.

म्हणजे १९६१ साली आमचे अण्णा पंचात जे बांधून घेऊन गेले, ते घेणं तेरा वर्षांपासून गुन्हा होता. तरी सगळं गिरगाव, दादर, लालबाग त्याच पैशावर चालत होतं. असं कसं?

याचं उत्तर सोपं आहे. खोलीचं भाडं १९४० वर थांबलं, पण मुंबई थांबली नाही. युद्ध झालं, फाळणी झाली, निर्वासित आले, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. अकरा रुपयांत खोली मिळवायला शंभर माणसं उभी असतील तर त्यातला एक कोण, हे कसं ठरणार? भाडं वाढवायची सोय नाही. मग जो फरक महिन्या-महिन्याला घेता येत नव्हता तो एकदम दारातच घेतला जाऊ लागला. कायद्याने भाडं बांधलं आणि किंमत मागच्या दाराने पागडी होऊन आत आली.

आणि तक्रार कोण करणार? खोली मिळालेला माणूस तक्रार करून खोली घालवणार नाही. शिवाय उद्या त्यालाही खोली सोडताना पागडी हवीच असते. कलम १८ आणि कलम १९ दोघांना एकाच दोरीने बांधून ठेवत होती. माझ्या टेबलावरून हजारो दावे गेले. पोटभाडेकरू ठेवला, भाडं थकवलं, भिंत पाडली, मालकाला स्वतःला जागा हवी, सगळी कारणं त्यांत असायची. पागडी हा शब्द मात्र क्वचितच दिसायचा. त्याऐवजी लाकडी कपाट, पंखा आणि फळ्या अमुक हजारांना विकल्याचं लिहिलेलं असे. एका खोलीतला पंखा सोन्याचा असावा अशी किंमत मी वाचलेली आहे.

मालकाची बाजू

मी भाडेकरूचा मुलगा, तरी एक गोष्ट कोर्टात बसून शिकलो. प्रत्येक मालक काही राक्षस नव्हता. आमच्या चाळीत चाळीस खोल्या होत्या. सरासरी ११-१२ रुपये धरले तर महिन्याला पाचशेसुद्धा होत नाहीत. त्यातून कर, भंगी, पाणी, दुरुस्ती. जिना मोडला की मालक म्हणे, "तुम्ही करा." आम्ही म्हणायचो, "मालक तुम्ही आहात." चौथ्या पावसाळ्यात गॅलरीचा कठडा कोसळला तेव्हा तो भाडेकरूंनी वर्गणीने बांधला. मोडकळीला आलेल्या चाळींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर सुरू झाला. आज दक्षिण मुंबईत 'सेस बिल्डिंग' म्हणतात त्या याच.

ज्या मालकाने पागडी घेतली, त्याने ती त्याच घरात घातली असती तर इमारती उभ्या राहिल्या असत्या. पण बिनपावतीच्या पैशाला कर्तव्य नसतं. तो कशाबद्दल घेतला हे कुठे लिहिलेलंच नसतं, मग त्याबद्दल काय द्यायचं हे तरी कोण विचारणार? पागडीचा मोठा तोटा मला हाच वाटतो. आईच्या पाटल्या गेल्या हे दुःख तर आहेच. पण त्या पाटल्यांमधून जिन्याची एक पायरीही दुरुस्त झाली नाही.

शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडी अशी १९४० वर गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. कायदा रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती आणि सरकार नवीन कायदा करणार होतं. तो नवीन कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९. लागू झाला ३१ मार्च २००० रोजी, आपली सोसायटी नोंदली गेली त्याच वर्षी. जुन्या भाड्यात आधी ५ टक्के आणि पुढे दरवर्षी ४ टक्के वाढ मालकाला मिळाली. आमची ११ रुपयांची खोली आज आमच्याकडे असती, तर चक्रवाढीने धरूनही तिचं भाडं ३१ रुपयांच्या आसपास असतं.

आणि पागडी? नव्या कायद्याच्या कलम ५६ ने ती घेणं कायदेशीर केलं. मालकाने घ्यावी, भाडेकरूनेही घ्यावी. बावन्न वर्षं जो गुन्हा होता तो एका सकाळी व्यवहार झाला. आमच्या कोर्टातल्या एका जुन्या शिपायाने तेव्हा म्हटलं होतं, "साहेब, चोर पकडता आला नाही, म्हणून त्याला घराची किल्लीच दिली."

आम्ही आणि ही सोसायटी

आता थोडं स्वतःबद्दल. १९९७ साली आम्ही गिरगावची खोली सोडली. दलालाने गिऱ्हाईक आणलं. प्रथेप्रमाणे एक तृतीयांश मालकाने ठेवले, बाकीचे अण्णांना मिळाले. नवा कायदा अजून यायचा होता. कलम १९ मला पाठ होतं, त्या कलमाच्या कोर्टात मी नोकरी करत होतो, आणि त्या रात्री चाळीतल्या दिव्याखाली नोटा मोजणारा मीच होतो. अण्णा ७६ वर्षांचे. ते खाटेवर बसून म्हणाले, "नीट मोज. आईच्या पाटल्या आहेत त्यात." मी मोजल्या.

तेच पैसे घेऊन आम्ही डोंबिवलीला आलो. तुमच्यातले बरेच जण याच रस्त्याने आले आहेत. कोणी परळहून, कोणी भायखळ्याहून, कोणी दादरच्या चाळीतून. आपल्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आधी कुठे राहत होतो ते सांगितलं होतं, तेव्हा अर्ध्याहून जास्त लोक पागडीच्या खोल्यांतले निघाले. बिल्डरकडेही 'चेकचे किती आणि रोख किती' हा प्रश्न होताच. म्हणजे बिनपावतीच्या पैशाने इथपर्यंतही आपली सोबत सोडली नाही.

पण त्यानंतर एक वेगळी गोष्ट घडली. सोसायटी नोंदली गेली आणि आपल्या हातात भागपत्र आलं. दर महिन्याला बिल येतं, भरलं की पावती येते, वर्षाच्या शेवटी हिशोब तपासला जातो आणि कोणीही सभासद उठून "हे चार हजार कशाला?" असं विचारू शकतो. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, पण तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१५ साली, म्हणजे ग्लासगोच्या बायकांचा संप झाला त्याच वर्षी, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची ती सुरुवात. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे त्यामागचं मोठं नाव. सुरुवातीला तिथली कल्पना अशी होती की सभासदच भाडेकरू आणि सभासदच मालक. मालक वेगळा नसला की दारात मान कोणाला द्यायचा? सोसायटी हे पागडीला दिलेलं फार शांत आणि फार चांगलं उत्तर होतं, असं मला वाटतं.

आजचं दार

आता आपल्याच इमारतीत बघा. सुरुवातीला सगळे मालक राहत होते. आज अनेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात गेली, आईवडील त्यांच्याकडे गेले किंवा देवाघरी गेले. फ्लॅट भाड्याने दिले गेले. यात वावगं काही नाही.

हा लिव्ह अँड लायसन्सही जुन्या कायद्याचीच पैदास आहे. भाडेकरू ठेवला तर तो निघत नाही, म्हणून मालकांनी 'भाडेकरू नाही, फक्त परवानाधारक' असे करार सुरू केले. १९७३ साली सरकारने कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. तेव्हापासून मालकांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. कराराची अकरा महिन्यांची मुदत मात्र या भीतीमुळे आलेली नाही. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, ती चुकवायला अकरा महिने. गंमत अशी की १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आता प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची. कारण निघून गेलं, अकरा महिने राहिले. आणि दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हटला की काही ठिकाणी दलालालाही नवी दलाली.

आपल्याकडे एखादं तरुण जोडपं राहायला येतं असं समजा. भाडं १५,०००. डिपॉझिट ५०,०००. दलाली एक महिन्याची, म्हणजे १५,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ १५,०००. करारासाठी एजंट ३,००० सांगतो. यातले सरकारात किती जातात? मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते होतं चार-पाचशे रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी १,०००. म्हणजे साधारण दीड हजार. बाकीचे एजंटचे. त्याच्या मेहनतीचे म्हणू, पण पावती कुठे मिळते? एकूण झाले ८३,०००. आपला सातवा विषय मंजूर झाला तर ९३,०००. सामान टेम्पोतून उतरायच्या आधी.

डिपॉझिट परत मिळतं, हे खरं. पण ते परत मिळेपर्यंत माणसाला ते उभं करावं लागतं, कोणाकडून तरी उसने घेऊन. आणि रंगाचे, नळाचे, खिळ्यांच्या भोकांचे किती कापले जातील हे शेवटच्या दिवशी कळतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. ती पहिल्यांदा घर शोधत होती तेव्हा तिच्याकडून घराच्या एजंटने कागदपत्रांची फी, चौकशीची फी, घरातल्या वस्तूंच्या यादीची फी, अशा तीन वेगवेगळ्या फिया घेतल्या होत्या. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, ही तर आपलीच पागडी, फक्त तुकडे करून घेतलेली." पुढे १ जून २०१९ पासून तिथे नवीन कायदा लागू झाला. एजंटने आणि मालकाने भाडेकरूकडून अशा फिया घ्यायच्या नाहीत. एजंट मालकाचं काम करतो, तर त्याने मालकाकडून घ्यावं. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. ज्या देशाच्या १९१५ च्या कायद्यातले शब्द आपण उचलले होते, त्या देशालाही शंभर वर्षांनी तोच नियम नव्या नावांसाठी पुन्हा करावा लागला. पैसे घेणारा नाव बदलतो, म्हणून कायद्यालाही मागोमाग धावावं लागतं.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं म्हटलं आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर आहे. महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. रेरा कायद्यात एजंटची नोंदणी आहे, पण ती प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. भाड्याचं घर दाखवणारा त्यात येत नाही.

मी का बोललो नाही

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. २००९ ते २०१२ मी आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, त्या काळात आपण भाडेकरूंकडून 'इमारत निधी' म्हणून २,००० रुपये घेत होतो. ठराव माझ्या अक्षरात आहे, इतिवृत्ताच्या वहीत आजही मिळेल. उद्देश वाईट नव्हता. लिफ्टचं काम निघालं होतं, पैसे कमी पडत होते, आणि भाडेकरू सभेला येत नाही, मत देत नाही, त्यामुळे विरोध करणारंही कोणी नव्हतं. त्याच्या खिशात हात घालणं सगळ्यात सोपं होतं.

२०१० च्या जूनमध्ये लातूरकडचे एक शिक्षक सहकुटुंब राहायला आले. टेम्पो गेटात उभा, पाऊस सुरू. वॉचमनने सांगितलं, आधी सेक्रेटरींना भेटा. ते भिजत माझ्याकडे आले. मी २,००० सांगितले. त्यांनी पाकीट काढलं, नोटा मोजल्या, आणि विचारलं, "पावती मिळेल ना, काका?"

पावतीपुस्तक माझ्या कपाटात होतं. पण त्यावर काय लिहायचं? उपविधींमध्ये भाडेकरूकडून असा निधी घ्यायची तरतूदच नव्हती. लिहून दिलं असतं तर हिशोबतपासनिसाने विचारलं असतं. मी म्हटलं, "नंतर देतो." त्यांची बायको दारात उभी होती, कडेवर मूल. ती हळूच म्हणाली, "राहू द्या हो. आत तर जाऊ." त्यांनी काही म्हटलं नाही. अकरा महिन्यांनी ते दुसरीकडे गेले. पावती दिली नाही ती नाहीच.

त्या रात्री मला झोप आली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला झोप छान आली. अण्णांचा पंचा आणि भाजीची पिशवी मला आठवली ती पुढे दोन वर्षांनी, सेक्रेटरीपद सोडताना, वही नव्या माणसाच्या हातात देताना. मी त्या वेळी मेहताजींच्या जागी बसलो होतो. मान हलवली आणि गल्ल्यात टाकले. २०१२ च्या नव्या समितीने ती वसुली बंद केली, त्याचं श्रेय त्यांचं आहे, माझं नाही. म्हणून सातव्या विषयाच्या वेळी मी गप्प होतो.

पण गप्प राहणं हाही एक प्रकारचा बिनपावतीचा व्यवहार आहे, असं आता वाटतं. म्हणून इथे लेखी सांगतो.

फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला काही मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे बिनवापर शुल्क घेता येतं, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, आणि ते सभासदाकडून. भाडेकरूकडून नव्हे. आपला करार सभासदाशी आहे, हिशोबही त्याच्याशीच. लिफ्ट सामानाने खराब होते, हे मान्य. मग सामान वर नेताना लिफ्टला लावायला फळ्या आणि गोणपाट घेऊ, नुकसान झालं तर त्याचा खर्च सभासदाच्या बिलात लावू, पावतीसह. मालक राहायला आला तेव्हा त्याच्या सामानाने लिफ्ट खराब होत नव्हती का?

पुढच्या सभेत माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, 'शिफ्टिंग चार्ज'चा विषय कायमचा काढून टाकावा. दुसरी, नव्या भाडेकरूला ऑफिसमधून एक छापील कागद द्यावा : पाण्याच्या वेळा, कचऱ्याचा नियम, पार्किंग, प्लंबरचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरात, 'सोसायटीचा कोणताही पदाधिकारी, कर्मचारी किंवा वॉचमन पावतीशिवाय पैसे घेत नाही.' तिसरी, ज्या सभासदांचे फ्लॅट भाड्याने आहेत त्यांना विनंती की दलाली निदान अर्धी तरी आपण भरावी आणि डिपॉझिट परत करताना कापलेल्या प्रत्येक रकमेचा कागद द्यावा. ही सक्ती करता येणार नाही. पण आपण सगळे कधी ना कधी कोणाच्या तरी दारात पैसे हातात धरून उभे होतो, एवढं आठवलं तरी पुरे.

गिरगावच्या डब्यातल्या पावत्या माझ्याकडे अजून आहेत. काही वाळवीने खाल्ल्या. स्मरणिका समितीला मी त्यातली एक प्रदर्शनासाठी दिली आहे, ११ रुपयांची. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी हॉलमध्ये बघायला मिळेल. तिच्या शेजारी अडीच हजारांची ठेवायला माझ्याकडे काही नाही. त्या जागी मी आपल्या सोसायटीचं एक कोरं पावतीपुस्तक ठेवायला सांगितलं आहे.

आणि लातूरचे ते गुरुजी किंवा त्यांच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल, तर ऑफिसमध्ये निरोप द्यावा. माझे २,००० देणं बाकी आहे. सोसायटीचे नव्हे, माझे.

सर्व सभासदांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.